आठ नंबरचं पाणी

बुधवार, ३ सप्टेंबर

प्रिय ताई,

हे पत्र हातात पडेल तेव्हा ओलं असलं तर दोष बर्फाचा, माझा नाही. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून नमुन्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून पाठवतोय. इथे टपाल आठवड्यातून एकदा येतं, तेही पोस्टमनचा गुडघा दुखत नसेल तर. फोनला रेंज मिळते ती डोंगरावरच्या टाकीपाशी, आणि तिथवर चढून गेल्यावर बोलायला दम उरत नाही. आपली पेटी मात्र दर बुधवारी संध्याकाळी गाडीवाला घेऊन जातो आणि गुरुवारी सकाळी ती तुझ्या प्रयोगशाळेत, तुझ्या टेबलावर असते. ऑफिसच्या पेटीत घरचं पत्र घालू नये हे मला माहीत आहे. तू ओरडणार हेही माहीत आहे.

तर, पोचलो. खोली एक, खिडकी एक, खुर्ची एक. टेबलाचा एक पाय आखूड होता. खोलीवाल्याने त्याखाली मागच्या सर्वेक्षणाचा अहवाल घडी करून घातलाय. चला, आपल्या खात्याच्या कामाचा कुणाला तरी उपयोग झाला.

काम तुला ठाऊकच आहे. या सगळ्या पाणलोटात पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठे तुंबतं ते कागदावर आणायचं. प्रत्येक चर, प्रत्येक मोरी, प्रत्येक पाइप. आणि ओढ्यावर बारा ठिकाणं ठरवून दर बुधवारी प्रत्येक ठिकाणचा नमुना. एक नंबर वर झऱ्यापाशी, बारा नंबर खाली ओढा नदीला मिळतो तिथे. आठ नंबर एका दगडी पुलाखाली आहे, आणि नऊ नंबर शाळेच्या विहिरीला लागून. त्या विहिरीचं पाणी मुलं पितात. ती विहीर ठेवायची की बंद करायची हे आपल्या अहवालावर ठरणार आहे, असं शाळेतल्या बाई मला दोनदा म्हणाल्या.

दिवसभर चालतो. काल संध्याकाळी आठवून बघितलं, दिवसभरात मी एकूण चार वाक्यं बोललो. त्यातली दोन एका कुत्र्याशी.

जेवणाचं विचारशील. करतो काहीतरी. एकट्यापुरतं करायला काय लागतं. ओट्याशी उभा राहून पातेल्यातूनच खातो, घासायला भांडी कमी. बायको गेली त्याला येत्या महिन्यात तीन वर्षं होतील. ताट वाढून घ्यायची सवय तेव्हाच मोडली, ती काही परत लागली नाही.

तुझा,
ठोंब्या


शनिवार, ६ सप्टेंबर

प्रिय ठोंब्या,

पत्र ठणठणीत कोरडं आलं. बाटल्यांची लेबलं मात्र भिजून लगदा झाली होती. अक्कल वापरलीस, पण उलट्या बाजूने. पुढच्या वेळी पिशव्या लेबलांना घाल.

पेटी उघडणारी पोरगी माझ्याकडे धावत आली, "मॅडम, झाकणाला काहीतरी चिकटवलंय, हात लावू का?" निवृत्तीला सहा-सात महिने राहिलेले असताना मला चोरून पत्रं यायला लागली आहेत, अशी इथे चर्चा आहे. असू दे. लिहीत जा. रिकाम्या बाटल्यांच्या पेटीतून मी उत्तर पाठवत जाईन.

आता कामाचं. एक ते सात नंबर उत्तम. आठ नंबर भयंकर. पाण्यातला प्राणवायू निम्म्यावर आलाय, अमोनिया मर्यादेच्या कितीतरी वर, आणि बशीत इतके जंतू उगवले की मोजणाऱ्या पोरीने हात टेकले. नऊ नंबरलाही तेच, जरा पातळ होऊन. म्हणजे सात आणि आठच्या मध्ये काहीतरी ओढ्यात शिरतंय. शोधून काढ. काठाने नुसता फिरू नकोस, झुडपात हात घाल, चपला भिजू देत. आणि सापडेल त्याच दिवशी नकाशावर मांड. "नंतर मांडतो" हा तुझा जुना आजार आहे.

उभ्याने जेवू नकोस. तुझे भाऊजी परवा तुझी चौकशी करत होते. म्हणजे त्यांनी टीव्हीवरची नजर काढून "कसा आहे?" एवढं विचारलं. यंदाच्या वर्षातलं हे त्यांचं सगळ्यात लांब बोलणं.

ताई


बुधवार, १७ सप्टेंबर

प्रिय ताई,

शोधलं. मागच्या बुधवारी ओढा भरून वाहत होता, नमुने घेता आले नाहीत; आज सातपासून आठपर्यंत दोन्ही काठ पालथे घातले. विशेष काही नाही. मला वाटतं पहिल्या वेळी माझ्याच पायांनी गाळ ढवळला गेला. बाटली भरताना प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, पाय मागे ठेवायचे, हे वीस वर्षं करतोय, तरी पहिल्या दिवशी कुठे लक्ष होतं देव जाणे. आजचा नमुना नीट घेतलाय. बघ आणि कळव.

एक गंमत झाली. पुलाच्या वरच्या अंगाला चढावर एक गोठा आहे. मी काठच्या झुडपात गुडघ्यांवर बसून हात घालून बघत होतो, एवढ्यात वरून हाक आली, "काय हरवलं का?"

म्हटलं, "काही नाही, पाण्याचे नमुने घेतोय."

"मग पाण्यात बघा की. झुडपात काय बघताय?"

वर बघतो तर एक बाई, साठी ओलांडलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात झाडू. मी कमरेपर्यंत भिजलेला. म्हणाली, "वर या. कपडे वाळेपर्यंत दोन घास खाऊन घ्या." मी नको नको म्हणत होतो. पण तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि मी नेमका डाव्या बाजूला उभा होतो, असं तिचं म्हणणं.

तर ताई, ताटात जेवलो. खाली बसून, गरम. तिने नुसतं विचारलं, "अजून घेणार?" तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी दोनदा "हो" म्हटलं. तिला वाटलं फार भूक लागली असेल, तिने आणखी वाढलं.

नऊ गायी आहेत तिच्याकडे. एकटीच राहते. दोन्ही मुलं लांब, महिन्यातून एकदा बोलतात आणि आधी गायींची खुशाली विचारतात. मला ती "बाटलीवाले" म्हणते. म्हटलं, असं चारचौघांत म्हणू नका, लोकांना वेगळंच वाटेल.

तुझा,
ठोंब्या


सोमवार, २२ सप्टेंबर

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून तीनदा वाचलं. जेवायला बोलावते तर जात जा, उगाच नखरे करू नकोस. पुढच्या वेळी हात हलवत जाऊ नकोस म्हणजे झालं. मी तुझ्यासाठी देवाला काही मागत नाही, माझा त्याच्याशी फारसा संबंध नाही, पण मागितलं असतं तर हेच. कुणीतरी "अजून घेणार?" विचारणारं.

आठ नंबर या वेळी चांगला आला. सातसारखाच. मग गाळाचंच कारण असेल.

तरी एक विचारते, नोकरीच आहे म्हणून. तो गोठा पुलाच्या वर आहे म्हणतोस. नऊ गायींचा गोठा रोज धुतला जात असणार. ते पाणी कुठे जातं?

ताई


बुधवार, २९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण नकाशा पूर्ण करत होतो. सोबत पाठवला आहे. एक्केचाळीस चर, सतरा मोऱ्या, सहा पाइप. घडी उलगडताना बेताने, टेबल लहान होतं म्हणून चार तुकडे चिकटवलेत.

गोठ्याचं तू विचारलं होतंस. मागच्या बाजूला खड्डा आहे, धुतलेलं पाणी त्यात जातं. मी स्वतः पाहिला.

बाकी मजेत. पूर्वी मी आठ नंबरला दोन वाजता पोचायचो, आता बाराला पोचतो. पाय आपोआप उचलतात. तिच्या उजव्या बाजूला बसायचं हे आता मला कळलंय. ती गायींच्या कागाळ्या सांगते. एक रुसकी आहे, तिला पहिली धार काढली नाही तर दिवसभर तोंड फिरवून उभी राहते. एक आगाऊ आहे, ती बाकीच्यांचं खाते. मी तिला तुझ्या गोष्टी सांगतो. लहानपणी तू मला गणिताच्या वहीत लपवलेल्या चित्रांवरून कसं पकडून दिलंस ते सांगितलं, तर म्हणाली, "बहीण तिखट दिसते." म्हटलं, पाणी तपासते, म्हणजे कुणाचंच काही लपत नाही तिच्यापासून. त्यावर ती उठून भात आणायला गेली.

इतर दिवशी मात्र वेळ खायला उठतो. गुरुवार ते मंगळवार म्हणजे नुसती वाट बघणं. मंगळवारी खोली झाडून काढतो. कशासाठी, माझं मला माहीत नाही, ती काही इथे येत नाही.

शाळेतल्या बाई भेटल्या होत्या. म्हणाल्या, सध्या निम्मा वर्ग रिकामा असतो, पोरांची पोटं बिघडलीत. थंडी पडायला लागली की असं होतंच.

भाऊजींना नमस्कार. त्यांच्या दुसऱ्या वाक्याची वाट बघतोय.

तुझा,
ठोंब्या


शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्या,

तुझा नकाशा मी भिंतीवर लावला. सुंदर काढलास. दोन दिवस येता-जाता त्याच्यासमोर उभी राहिले आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसले.

आठ आठवडे झाले, सात आणि आठ नंबर जुळ्या भावंडांसारखे येतात. प्राणवायू तोच, अमोनिया तोच, जंतू तेवढेच. बरं, येऊ देत. पण नऊ नंबर दर वेळी घाण. पहिल्या बुधवारी होता तितकाच घाण, गेल्या दोन वेळा तर त्याहून जास्त. आठला स्वच्छ पाणी दोनशे पावलं पुढे जाऊन एकदम खराब होतं. मग मध्ये काय आहे? तुझ्या नकाशात मध्ये काहीही नाही. दोन काठ आणि पाणी. ते काय आभाळातून पडतंय?

शाळेतल्या पोरांचं तू गप्पा मारल्यासारखं लिहिलंस. मी ते दोनदा वाचलं आणि मग नऊ नंबरचे सगळे आकडे काढून त्याच्या शेजारी ठेवले. थंडीने पोटं बिघडत नाहीत. तुला हे माहीत आहे.

मी काहीही आरोप करत नाहीये. सरळ विचारते, आठ नंबरची बाटली तू नेमकी कुठे भरतोस?

ताई


बुधवार, १२ नोव्हेंबर

ताई,

जिथे भरायची तिथेच भरतो. नऊ नंबरजवळ शाळेचे संडास आहेत, ते आधी तपासा. सगळ्या गोष्टींना मीच जबाबदार आहे असं धरून चालू नका.

आज घाईत आहे.

ठोंब्या


सोमवार, १७ नोव्हेंबर

ठोंब्या,

मला "तपासा" आणि "चालू नका" लिहिलंस. आयुष्यात पहिल्यांदा. लहानपणीही खोटं बोलायचा असलास की आधी दोन पावलं मागे सरकायचास.

शाळेचे संडास विहिरीच्या खालच्या अंगाला आहेत, तुझ्याच नकाशात. पाणी चढावर वाहायला लागलं असेल तर कळव, मोठा शोध आहे.

मी आता तुला ओळखणारी म्हणून लिहिते, मॅडम म्हणून नाही. तू पुलाच्या वर जाऊन बाटली भरतोयस. त्या खड्ड्यातून काहीतरी ओढ्यात येतंय आणि ते तुला माहीत आहे. नऊ नंबर बदलायचं धाडस झालं नाही तुला, कारण तिथे मुलं दिसतात. एवढं तरी बरं.

माझीही चूक आहे. "जात जा, नखरे करू नकोस" हे मीच लिहिलं. खरं सांगू? ते पत्र आलं तेव्हा मला वाटलं, सुटले. तीन वर्षं तुझ्या काळजीने माझा जीव टांगणीला लागला होता, आणि आता कुणीतरी तुला वाढतंय. मला त्या गोठ्याच्या पाण्याचं जास्त विचारायचंच नव्हतं. तू "खड्डा आहे" लिहिलंस आणि मी लगेच विश्वास ठेवला. एरवी मी कुणाच्या खड्ड्यावर विश्वास ठेवते?

पण त्या शाळेत त्रेचाळीस पोरं आहेत, आणि अहवालावर सही माझी जाणार आहे. येत्या बुधवारी नको, तुला एक आठवडा देते. त्यानंतरच्या बुधवारी पुलाखाली उतरायचं, कमानीच्या मधोमध, आणि तिथली बाटली पाठवायची. त्याआधी वर जाऊन तिला सांग. मागून नोटीस जाणारच. ती कागदातून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळली पाहिजे. एवढं तिचं खाल्लंयस.

शाळेतल्या बाईंना मी आजच निरोप पाठवला आहे, पाणी उकळल्याशिवाय द्यायचं नाही म्हणून. कारण लिहिलेलं नाही.

ताई


बुधवार, २६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पाइप आहे. मनगटाएवढा जाड, झुडपाखाली. खड्डा भरला की त्यातून थेट ओढ्यात, पुलाच्या वर वीस पावलांवर. १७ सप्टेंबरलाच माझ्या हाताला लागला होता. हाताला लागला आणि वरून हाक आली. म्हटलं, आधी जेवू, मग लिहू. जेवल्यावर लिहायला हात होईना. मग ठरवलं, पुढच्या बुधवारी तिलाच सांगतो, ती बुजवून टाकेल, कागदावर कशाला. मग त्याच्या पुढच्या. दरम्यान बाटली साठ पावलं वर भरायला लागलो. तुझं सगळं बरोबर आहे.

शाळेचं मी मनात येऊच दिलं नाही. पोटं बिघडल्याचं तुला लिहिलं तेव्हासुद्धा नाही. मी इतका वाईट माणूस असेन असं मला वाटलं नव्हतं.

आज गेलो. नेहमीसारखं ताट समोर होतं, ती वाढत होती. मी हात न लावता म्हटलं, "पाइप मला माहीत आहे. आज तो लिहावा लागणार."

ती वाढता वाढता थांबली. मला वाटलं उजव्या बाजूने बोलूनही ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "मग इतके दिवस काय झालं होतं?"

मी म्हटलं, "धीर होत नव्हता."

"पण मी जेवू घातलंच की दर बुधवारी."

ताई, ती चिडून नाही म्हणाली. ठरल्याप्रमाणे माल दिला आणि समोरचा मागे फिरला, तर माणूस बोलेल तसं. मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा कान तापले. पहिल्या दिवशी मी झुडपात हात घातलेला तिने खिडकीतून बघितला होता, म्हणूनच हाक मारली होती, असं तिनेच सांगितलं. मी जेवून गेलो आणि नोटीस आली नाही. पुढच्या बुधवारी परत जेवून गेलो, परत काही आलं नाही. तिने समजून घेतलं की हे असंच चालायचं आहे. ती तिचं करत होती, मी माझं करत होतो. बोलून दाखवायचं काही नव्हतं.

मी विचारलं, "तुम्हाला वाटलं मी जेवणासाठी गप्प बसलोय?"

"मग कशासाठी?" तिने खरंच विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

बुधवारी मी शर्टाला इस्त्री करून जायचो, ताई. ओढ्यात उतरायला.

ताट तसंच सोडून उठलो. पुलाखाली उतरून कमानीच्या मधोमध बाटली भरली. सोबत आहे. पाइप नकाशावर कुठे मांडायचा ते वेगळ्या कागदावर दिलंय. मागचे सगळे आठ नंबर खोडून टाक, आणि कारण काय लिहायचं ते लिही.

ठोंब्या


सोमवार, १ डिसेंबर

माझ्या ठोंब्या,

आठ नंबरचा खरा आकडा आला. सांगत नाही, तुला अंदाज आहेच.

मागचे दहा नमुने रद्द केले. कारणात "नमुना जाणूनबुजून चुकीच्या जागेवरून घेतला" असं लिहिलं आणि साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ आहे. तुला लेखी समज येईल. काम काढून घेणार नाहीत, कारण त्या ओढ्यात उतरायला दुसरं कुणी तयार नाही. विहीर बंद केली, शाळेला टाकीचं पाणी सुरू झालं. गोठ्याला नोटीस गेली. दोन महिन्यांत बंदिस्त टाकी बांधायची नाहीतर गोठा बंद.

शर्टाचं वाचून मी प्रयोगशाळेच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिले, हात धुण्याचं निमित्त करून. बराच वेळ धुतले.

मी एखाद्या रविवारी येऊ का? इथल्या घरात मी नसले तर कुणाच्या लक्षात येईल असं नाही.

ताई


शनिवार, २१ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

डिसेंबरपासून पेटीतून फक्त बाटल्या येतात. झाकणाला दर गुरुवारी हात लावून बघते. ये म्हटलं नाहीस, म्हणून आले नाही. रागावलीयस का असं विचारू नकोस, रागावलेय. पण आज बातमीच अशी आहे की लिहिल्याशिवाय राहवेना.

आठ नंबर स्वच्छ आलाय. खराखुरा. आधी मला वाटलं तू परत वर जाऊन भरतोयस, माफ कर, वाटलं. पण नऊही स्वच्छ. दहा, अकरा, बारा सगळे. लागोपाठ पाच आठवडे. शेवटचा नमुना मी स्वतः तपासला, दोनदा. काल विहीर उघडायची परवानगी गेली. शाळेतल्या बाईंचा निरोप आला, पोरं टाकीच्या पाण्याच्या चवीला कंटाळली होती, रांग लावून पाणी प्यायली.

म्हणजे तुझ्या गोठेवाल्या बाईंनी टाकी बांधून घेतली तर. मानलं बाईंना. एकटीने, या वयात. तू सगळं सांगितलंस म्हणून झालं हे, एवढं लक्षात ठेव. त्यांना माझं अभिनंदन सांग. प्रयोगशाळेकडून म्हणून सांग. ओढा असा सुधारलेला मी माझ्या नोकरीत पहिल्यांदा बघतेय, निवृत्त व्हायच्या आधी तो बघायला मिळाला.

ताई


बुधवार, २५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

टाकी बांधली नाही. गायी गेल्या.

तुला कळवायला हवं होतं. तिला टाकी एकटीने होणारी नव्हती. मुलांनी सांगितलं, आता पुरे झालं, सोडून दे. जानेवारीत एका बुधवारी दोन गाड्या आल्या. मी सात नंबरला होतो, तिथून चढ दिसतो. रुसकी चढायलाच तयार नव्हती. ती बाई खालून तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, मग ती चढली. मी खाली उतरून आठ नंबर भरला, नऊ भरला. त्यानंतर तुला लिहायला बसायचो आणि लिहायचं काय ते सुचायचं नाही. तू आकड्यांवरून खूश होणार हे मला कळत होतं.

अभिनंदन सांग म्हणालीस, म्हणून आज वर गेलो. नाहीतर माझी हिंमत नव्हती. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच.

ती पायरीवर बसली होती. मला बघून म्हणाली, "आज बुधवार का?" मी उजव्या बाजूला जाऊन निरोप सांगितला. पाणी स्वच्छ झालं, विहीर उघडली, प्रयोगशाळेने तुमचं अभिनंदन केलंय.

"पोरं बरी आहेत ना?"

"बरी आहेत."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं. "मला वाटायचं ओढा एवढा मोठा, त्यात माझं ते काय कळणार. खाली शाळा आहे हे रोज बघत होते की मी."

मग उठून तिने मला गोठा दाखवला. नऊ खुंट्या, दावणी, लादी. सगळं लख्ख. म्हणाली, पहाटे जाग येतेच, मग पडून काय करायचं, रोज धुऊन काढते. "आता धुतलेलं पाणीसुद्धा स्वच्छच निघतं. हवं तर तपासा."

मुलांकडे जाणार का, एवढं विचारलं. म्हणाली, ती बोलावतात, पण तिथे जाऊन मी कुणाच्या वेळेला उठू.

मी निघालो. पायरीपर्यंत आलो तर मागून म्हणाली, "जेवलात?"

म्हटलं, राहू दे.

"बसा," ती म्हणाली. "आता माझ्याकडे लपवायला काही राहिलं नाही."

बसलो, ताई. तिने मला वाढलं आणि स्वतःलाही वाढून घेतलं. पूर्वी पलीकडून सारखं काहीतरी ऐकू यायचं, साखळीचं, शेपट्यांचं, रवंथाचं. आज आम्हा दोघांच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता.

तुझा,
ठोंब्या